मालवण की वेंगुर्ले : तीन दिवस मुक्काम कुठे करावा?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ स्टेशनाबाहेर आलं की वाटा फुटतात. एक रस्ता नेरूरपारच्या पुलावरून मालवणला जातो, दुसरा वेंगुर्ल्याला. अंतर दोन्हीकडे साधारण २५ ते ३० किलोमीटर. येणारे पाहुणे हमखास विचारतात, "तीन दिवसांत दोन्ही होईल ना?" माझं उत्तर नेहमी एकच असतं : एक गाव धरा आणि तिथेच राहा. दोन्ही करायला गेलात तर अर्धा वेळ रस्त्यात जाईल.

पहिलीच खेप असेल आणि बरोबर शाळकरी मुलं असतील, तर बिनधास्त मालवण. त्याला कारण सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, १६६७ मध्ये पुरं झालं. बंदरावरून होडीत बसायचं आणि लाटांवर हलत तटापर्यंत जायचं, यातच मुलं हरखून जातात. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. पण मला सर्वांत जास्त नवल वाटतं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी! सकाळी लवकर गेलात तर तटावरून निवांत फिरता येतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट किल्ल्याच्या आशेवर येऊ नका.

मालवणची बाजारपेठ अरुंद आणि गजबजलेली. गुळातला आल्याचा खाजा, मालवणी मसाला, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस) सगळं चालत चालत मिळतं. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटरवर, पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली घरं. एसटी थेट देवबागपर्यंत जाते, त्यामुळे स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. स्कूबा करायची असेल तर जरूर करा, पण प्रवाळावर पाय देऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि मोडलेलं प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

उणी बाजू गर्दीची. दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरअखेरीस तारकर्लीत समुद्राची गाज ऐकू येणं कठीण.

वेंगुर्ल्याला असा एकच मोठा देखावा नाही, म्हणून लोक ते वगळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. इथे बघायची ती गावं. बंदर, डचांच्या वखारीचे अवशेष आणि क्रॉफर्ड मार्केट नावाचा जुना बाजार एका सकाळीत होतो. त्यानंतर दक्षिणेची वाट धरा. मोचेमाड, मग आरवली. तिथल्या वेतोबाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. पुढे शिरोडा : १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिकवत. वेळागरचा किनारा सुरूच्या बनाला लागून आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसता येतं. आणखी पुढे रेडीचा गणपती. उत्तरेला कोंडुरा, खवणे, निवती. यातल्या काही किनाऱ्यांवर तासभर माणूस दिसत नाही. म्हणूनच तिथे खोल पाण्यात उतरू नका, हाक मारली तर ऐकायलाही कोणी नसतं.

वेंगुर्ल्याला गाडी मात्र हवीच. गावं विखुरलेली आहेत आणि एसटीच्या वेळा सांभाळण्यात दिवस जातो.

जेवणाचं काय? सुरमईचं ताट, तिसऱ्या (शिंपल्या), कोंबडी-वडे, सोलकढी दोन्हीकडे उत्तम. मालवणात खानावळी पुष्कळ, ऐनवेळी गेलात तरी पान मिळतं. वेंगुर्ल्याकडच्या खेड्यांत घरगुती जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. पण बांगड्याचं तिखलं किंवा पेडव्यांचं सुकं खावं ते तिथेच, कारण ते तुमच्यापुरतं चुलीवर चढतं. शाकाहारी असाल तर मी वेंगुर्लेच सुचवेन, तेही मार्चमध्ये. ओल्या काजूगरांची उसळ तेव्हा मिळते आणि बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसार (गजरे) येतात, त्या वासासाठीसुद्धा जावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताज्या मासळीसाठी येणाऱ्यांनी ते महिने टाळावेत.

मी स्वतः आईवडिलांना नेईन वेंगुर्ल्याला, भाच्यांना मालवणला. सगळे एकत्र निघाले तर मुक्काम देवबागला करावा. तिथून होडीने कर्लीचं मुख ओलांडलं की पलीकडे भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुकाच. एक सकाळ तिकडे घालवून दुपारच्या जेवणाला परत येता येतं.