लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी ओआरएसची पुडी

औषधाच्या दुकानातली साधी पुडी घामातून गेलेलं मीठ-पाणी भरून काढायला एकदम चोख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. चव खारट-गोड, उन्हात कोमट झाली की नकोशी.

ताकदीसाठी मात्र ती अपुरीच. अडीच-तीन तासांच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. अख्ख्या लिटरमधून जेमतेम साडेतेरा मिळतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारखी यवतेश्वर घाटाची चढण असेल, तर खिशात खजूर किंवा चिक्की हवीच, आणि दम संपण्याआधी खायला हवी.

सगळ्यात मोठा घोळ पाण्याच्या मापात होतो. लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी केली की द्रावण दुप्पट दाट होतं, पोट ढवळतं, तहान वाढते. घरीच लिटरभर कालवून दोन बाटल्यांत भरा, घोट घोट प्या, उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.