सांडपाणी मोजून येणारं बिल: एका मोठ्या ग्राहकाचा अनुभव

वसतिगृहं, मेस, रुग्णालय, लॉन्ड्री आणि कूलिंग टॉवर असलेल्या एका मोठ्या संस्थेची देखभाल माझ्याकडे आहे. पालिकेने आमचा मलनिस्सारण आकार पाणीबिलाच्या टक्केवारीवरून काढणं बंद केलं आणि प्रत्यक्ष मोजमापावर आणला. ही सेवा मला मनापासून आवडली, तरी दोन ठिकाणी ती कच्ची आहे.

घरगुती ग्राहकाच्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात येतं असं धरणं ठीक. पण कूलिंग टॉवरचं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, बागेचं जमिनीत मुरतं. त्याच्या शुद्धीकरणाचे पैसे आम्ही का भरायचे? उलट बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी पालिकेच्या मीटरवर दिसत नाही, पण मोरीतून गटारात जातंच. सूट मागणाऱ्या संस्था याबद्दल गप्प बसतात, ते मला अजिबात पटत नाही. बाहेर जाणारं पाणी मोजलं की दोन्ही वाद मिटतात.

आता आमच्या शेवटच्या चेंबरमध्ये पार्शल फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी मध्ये अरुंद केलेली उघडी नाली, आहे. उताराने वाहणारी गटारवाहिनी सहसा पूर्ण भरत नाही, म्हणून भरल्या पाइपचा मीटर इथे चालत नाही. फ्ल्यूमच्या अरुंद गळ्याअलीकडची पातळी अल्ट्रासॉनिक सेन्सर मोजतो आणि त्यावरून प्रवाह काढतात. सुरुवातीला लॉन्ड्रीचा फेस आला की आकडे भरकटायचे. तक्रार केल्यावर सेन्सर बाजूच्या स्टिलिंग वेलवर (फ्ल्यूमला जोडलेल्या, संथ पाण्याच्या छोट्या विहिरीवर) हलवला, तिथे फेस फारसा पोचत नाही. माणसं तत्परतेने आली, चेंबरमध्ये उतरण्याआधी गॅस तपासला. हे आवर्जून सांगते.

पहिला कच्चा दुवा पावसाळ्याचा. पुढची लाइन तुंबून पाणी मागे फुगलं की फ्ल्यूम खऱ्यापेक्षा जास्त प्रवाह दाखवतो. ते दिवस वगळून सरासरी धरायला हवी. आम्ही दरवेळी अर्ज करतो तेव्हा ती धरतात. खरं तर हे आपोआप व्हायला हवं.

दुसरा दुवा नमुन्याचा, आणि पैसा खरा इथेच हलतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला पाण्यासोबत त्यातली घाणही निस्तरावी लागते. बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) जास्त तर हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज जास्त, घनपदार्थ जास्त तर गाळ जास्त. ब्रिटनमध्ये उद्योगांच्या सांडपाण्याचं बिल काढण्याच्या मॉग्डेन सूत्रात वहन, प्राथमिक प्रक्रिया, जैविक प्रक्रिया आणि गाळ यांचे आकार वेगळे धरतात, ते मला योग्य वाटतं. दिवसाला १,००० घनमीटर पाणी आणि लिटरमागे २५० मिलिग्रॅम बीओडी म्हणजे २५० किलोंचा भार. मेसची भांडी घासताना भरलेल्या एका बाटलीत तोच आकडा ५०० निघाला, तर कागदावर आमचा भार दुप्पट! आणि नमुना नेमका जेवणानंतरच घेतात. चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला नमुना हवा, आणि त्याचा अर्धा भाग ग्राहकाला मिळायला हवा. पहाटेच्या पातळ पाण्याची बाटली मीही पुढे करणार नाही.

सुट्टीत वसतिगृहं रिकामी असतानाही स्थिर आकार येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. केंद्राची क्षमता आमच्या गर्दीच्या दिवसांसाठीच राखलेली असते. मेसचे ग्रीस ट्रॅप वेळेवर उपसायला लागल्यापासून भाराचा आकडा खाली आला आणि त्यामागे बिलही. टक्केवारीच्या बिलात हे कधी दिसलंच नसतं.

ज्या संस्था आता करार करणार आहेत त्यांनी फ्ल्यूमच्या कॅलिब्रेशनचा (मोजमाप अचूक असल्याच्या तपासणीचा) दाखला आणि प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक बिलासोबत मिळेल हे कलम आधीच घालून घ्यावं. आम्हाला दोन्ही अजून मागून घ्यावे लागतात.