पीडित नुकसानभरपाई योजना: मनाच्या जखमेला तक्त्यात अर्धीच ओळ

गुन्ह्याच्या पीडितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळणाऱ्या सरकारी भरपाईला पाचपैकी तीन तारे. सोय खरी आहे, पण दावा मानसिक इजेचा असेल तर कागद चोख लागतात.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं या भरपाईचं कलम ३५७-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ३९६ झालं. आरोपी सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तर थेट प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही वाट फार कमी लोकांना ठाऊक असते. चौकशीला मुदत दोन महिन्यांची. शिफारस न्यायालयाची असली तरी आकडा प्राधिकरण ठरवतं, म्हणून निकालाची प्रत घेऊन तिथे पाठपुरावा करावाच लागतो.

महिलांसाठी ‘नालसा’ची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २०१८ची योजना आहे. तिच्या भरपाईच्या तक्त्यात मानसिक इजा गंभीर शारीरिक इजेच्याच ओळीत बसवली आहे: १ ते २ लाख रुपये, आणि इजा ‘पुनर्वसनाची गरज असलेली’ हवी. दावे अडकतात ते या शेवटच्या अटीवर. ‘रुग्णाला चिंता आहे, गोळ्या चालू’ एवढंच प्रमाणपत्र असेल तर ते असून नसल्यासारखं. मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घ्यायचं ते असं: त्रास घटनेनंतर कधी सुरू झाला, झोप किती तुटते, कामावर किंवा शाळेत जाणं कधीपासून थांबलं, आठवड्याला किती सत्रं, किती महिने. सोबत ओपीडीचे सगळे केसपेपर, समुपदेशनाच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचं पत्र आणि एफआयआरची प्रत. घटना आणि पहिली तपासणी यांत मोठी फट असेल तर तिचं कारणही प्रमाणपत्रातच यावं; मागाहून तोंडी सांगून भागत नाही.

एक तारा कापला तो पैसे देण्याच्या पद्धतीसाठी. २ लाख मंजूर झाले तर सुरुवातीला हाती येतात ५० हजार. उरलेले दीड लाख किमान तीन वर्षं मुदत ठेवीत. पैसा कुणी काढून घेऊ नये हा हेतू समजतो, पण समुपदेशकाची फी दर आठवड्याला द्यावी लागते! वैद्यकीय कारणासाठी ठेव आधी मोडायची परवानगी प्राधिकरण अपवाद म्हणून देऊ शकतं. तो अर्ज मंजुरीपाठोपाठ, उपचारांचा अंदाजे खर्च जोडून द्यावा. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ठेवीचा वाटा ८० टक्के.

दुसरा तारा त्या तक्त्यासाठी. वर्षानुवर्षं चालणाऱ्या उपचारांना २ लाखांची मर्यादा तोकडीच.

अर्जाची मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं. रास्त कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. रक्कम कमी वाटली तर ३० दिवसांत जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील. महिला आणि मुलांना वकील मोफत मिळतो, तेव्हा अर्ज लिहून देण्याचे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आणि अर्जात खातं पीडितेच्या स्वतःच्या नावाचंच द्या, घरातल्या दुसऱ्या कुणाचं नको.