चिप कंपन्यांवरचे ॲनालिस्ट रिपोर्ट: आठ महिन्यांनंतर

परदेशी शेअरवर ब्रोकरेज संस्थांचे ॲनालिस्ट लिहितात ते रिपोर्ट एकत्र देणाऱ्या एका ॲपची वर्गणी आठ महिन्यांपूर्वी भरली. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं म्हणणं एका ॲपपुरतं नाही. मला इंटेल आणि एएमडी या संगणकाच्या चिपमधल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांतच रस होता आणि इथे दहा वर्षांचे जुने रिपोर्ट मिळतात, म्हणून घेतलं.

सुरुवातीला रेटिंग (शेअर घ्या की विका) बघायचो, टार्गेट प्राइस (भाव कुठवर जाईल याचा अंदाज) बघायचो, संपलं. मग एका रविवारी दोन्ही कंपन्यांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे शेजारी शेजारी लावून वाचले आणि अस्वस्थ झालो.

इंटेलचं १० नॅनोमीटर हे चिप बनवण्याचं नवं तंत्रज्ञान २०१६ च्या सुमारास येणार होतं, ते मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला २०१९ उजाडलं. मी वाचलेल्या बहुतेक रिपोर्टांत यातला प्रत्येक उशीर तात्पुरता ठरवलेला. त्याच काळात, मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन प्रोसेसर आला, जूनमध्ये सर्व्हरसाठी एपिक. तिथे मात्र कौतुकाच्या प्रत्येक वाक्याला ‘पण हे टिकेल का?’ हे शेपूट होतंच. एकीचं अपयश तात्पुरतं आणि दुसरीचं यश तात्पुरतं!

याला कारण होतं, हेही मान्य. एएमडीच्या २०११ च्या बुलडोझर प्रोसेसरने निराश केलं होतं, २०१५ मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली गेला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकणारच. पण तीच सावधगिरी इंटेलच्या वाट्याला का आली नाही? जुलै २०२० मध्ये इंटेलने त्यापुढच्या ७ नॅनोमीटर तंत्रज्ञानालाही उशीर होणार असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १६ टक्के पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एएमडीचं बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेलं. त्यानंतरच्या रिपोर्टांत मला उलटं चित्र दिसतं: आता एएमडीच्या चुकांना समजून घेतात आणि इंटेलच्या चांगल्या बातमीवर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. पारडं बदललं, वजनं तीच खोटी राहिली.

आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडली ती रिपोर्टची शेवटची बारीक अक्षरांतली पानं. २००३ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या दहा बड्या संस्थांना पक्षपाती रिपोर्टांच्या प्रकरणात सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली होती. आज अमेरिकी नियमांप्रमाणे त्या पानांवर इतर माहितीबरोबर या तीन गोष्टीही द्याव्या लागतात. गेल्या बारा महिन्यांत या कंपनीकडून इन्व्हेस्टमेंट बँकिंगचे (शेअर विकून देणं, विलीनीकरण अशा कामांचे) पैसे मिळाले का, ब्रोकरेजच्या एकूण रेटिंगमध्ये ‘बाय’ किती नि ‘सेल’ किती, आणि भावाच्या आलेखावर त्यांची आधीची रेटिंग आणि टार्गेट. हा आलेख पाहिला की भाव वाढल्यावर मागून टार्गेट वाढवणारे लगेच ओळखू येतात.

ॲपच्या ‘सारांश’मध्ये नेमकी हीच पानं गाळलेली असतात. दोनदा लिहून कळवलं, अजून बदल नाही, आणि हे मला फार खटकतं.

वर्गणी पुन्हा भरणार, ती जुन्या रिपोर्टांसाठीच. तुम्ही घेतलीत तर सारांश सोडा, मूळ पीडीएफ उघडा आणि शेवटच्या पानापासून वाचा.