स्वस्तात मुक्काम: जुन्या ठाण्यातली कॉट की नवी मुंबईतली डॉरमेटरी?

परीक्षेचं केंद्र महापेला, मुलाखत ऐरोलीला, तारीख ठाण्याच्या कोर्टात किंवा पेशंट खारघरच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला. बाहेरगावच्या माणसाला इथे दोन-चार रात्री काढाव्या लागतात त्या बहुधा अशाच कामांसाठी. हॉटेलची खोली परवडत नाही, पाहुण्यांकडे जायला जीव धजत नाही. मग दोन पर्याय उरतात. एक म्हणजे जुन्या ठाण्यातलं लॉज किंवा कॉट बेसिसवरची, म्हणजे खोलीऐवजी एका कॉटचं भाडं घेणारी जागा: स्टेशन रोड, जांभळी नाका, टेंभी नाका, नौपाडा या पट्ट्यात, खाली दुकानं आणि वर खोल्या. दुसरा म्हणजे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, खारघर इथल्या फ्लॅटमध्ये किंवा व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर बंक बेड, म्हणजे एकावर एक पलंग टाकून केलेली डॉरमेटरी किंवा पीजी (पेइंग गेस्टची जागा).

बरेच जण दर बघून ठरवतात. तसं करू नका. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता कुठे पोचायचं आहे, ते आधी बघा. दर नंतर.

पत्ता फसवतो, तो असा

जुनं ठाणं स्टेशनच्या पश्चिमेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथवर आली. आजही स्टेशन आणि मासुंदा तलाव यांच्यामधला भाग म्हणजे गावाचं पोट. इथून मेन लाइनच्या लोकलला, एसटीला, कोकणात जाणाऱ्या गाड्यांना चालत पोचता येतं. नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बर मात्र फलाट ९-१० वरून सुटते आणि ते फलाट कोपरीच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला. पश्चिमेकडून शिरून पूल ओलांडून तिथे जायला गर्दीच्या वेळी दहा मिनिटं सहज जातात. वर पुलावर उलट दिशेने उतरणारा लोंढा असतो. ठाणे–वाशी हा प्रवास अर्ध्या तासाचा, पण लॉजच्या दारापासून मोजलात तर पाऊण तास धरा.

गाडीत चढताना इंडिकेटर वाचा. तुर्भ्यानंतर रस्ता फुटतो, एक फाटा सानपाडा-वाशीला, दुसरा जुईनगर, नेरूळमार्गे पनवेलला. खारघरला जायचं असेल आणि वाशी गाडीत बसलात, तर तुर्भ्याला उतरून मागची पनवेल गाडी धरायची. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. परीक्षा रविवारी असेल तर ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा.

नवी मुंबईत गोंधळ वेगळा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगराला, सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून दिले. त्यामुळे सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि खारघरमध्येही. बुकिंगच्या पानावर नुसतं ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ लिहिलं असेल तर फोन करून नोड विचारा. रिक्षावाल्यालाही नोड आधी आणि सेक्टर मागाहून सांगायचा. ठाण्याच्या बाजूला हाच घोळ घोडबंदर रोडचा. ‘ठाणे’ म्हणून बुक केलेली जागा कासारवडवलीला निघाली की स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास लांब पडतं, आणि त्या रस्त्यावर सकाळी किलोमीटर मोजून उपयोग नसतो, सिग्नल मोजावे लागतात.

तेव्हा काम ठाणे कोर्ट, कलेक्टर कचेरी, मुलुंड-भांडुप किंवा कल्याणकडे असेल तर जुनं ठाणं. महापे, तुर्भे, बेलापूर, खारघर असेल तर पलीकडे, नवी मुंबईत राहा. ऐरोली, रबाळे मधोमध आहेत, तिथे दोन्ही चालतं.

जुनी इमारत: काय मिळतं, काय बघायचं

जुन्या ठाण्यात ‘हेरिटेज हॉस्टेल’ अशी पाटी शोधू नका. मिळतं ते जुन्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच सगळा भार असलेल्या इमारतीतलं लॉज. चौदा-अठरा इंची भिंती, अकरा-बारा फूट उंच छत, लाकडी जिना, लांब गॅलरी आणि तिच्या टोकाला कॉमन संडास-बाथरूम. मे महिन्यात या भिंतींची किंमत कळते, दुपारी आत आलं की बरं वाटतं. त्याच भिंतींमुळे आतल्या खोल्यांत मोबाइलची रेंज मरते आणि गॅलरीतला वायफाय कॉटपर्यंत पोचत नाही. ऑनलाइन मुलाखत द्यायची असेल तर रस्त्याकडची खोली मागा.

पैसे देण्याआधी पाच मिनिटं इमारत बघा. लाकडी तुळई भिंतीत शिरते तिथे पाणी मुरतं, आणि वाळवीही तिथूनच लागते. त्या जागी बारीक भुसा, काळपट डाग किंवा ताजा रंग दिसला तर पुढे चौकशी करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली आणि बोटाचं टोक शिरेल एवढी भेग ही गिलाव्याची भेग नव्हे. जिन्याखाली किंवा दुकानात लोखंडी टेकू लावलेले दिसले तर तिथे राहूच नका, दर कितीही कमी असो.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. तिच्यात चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ बी रिकामी न करता दुरुस्त करायची आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी लागते. मॅनेजरला सरळ विचारावं, “ऑडिट झालंय का, इमारत कुठल्या वर्गात आहे?” सांगताना तो अडखळत नसेल तर निम्मं काम झालं.

पण म्हणून नवी मुंबईतलं सगळं नवं, असंही नाही. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या सुरुवातीच्या इमारती आता चाळिशी ओलांडून पुढे गेल्यात, आणि काही धोकादायक यादीतही आहेत. तिथे लाकूड नाही, तेव्हा बघायच्या खुणा बदलतात. छताचा गिलावा फुगलेला, पोपडे सुटलेले, आतली गंजलेली सळई उघडी पडलेली. असा स्लॅब कॉटच्या बरोबर वर असेल तर खोली बदलून घ्या.

आग हा विषय दोन्हीकडे सारखाच गंभीर. लाकडी जिना एकच असतो, आणि त्याच्याच खाली मीटरची पेटी, पुठ्ठ्याची खोकी, पार्सलच्या दुचाक्या. फ्लॅटमधल्या डॉरमेटरीत जिना सिमेंटचा, पण खिडक्यांना न उघडणाऱ्या लोखंडी जाळ्या. २००६ च्या राज्य कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैमध्ये द्यावं लागतं, तेही विचारता येतं. तेवढं विचारायला संकोच वाटला तर आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढं तरी बघून घ्या.

वरचा बंक आणि पंखा

फ्लॅटमधल्या डॉरमेटरीची खरी अडचण फोटोत दिसत नाही. छत साधारण नऊ फूट. पंखा फूटभर खाली लटकतो, म्हणजे पाती आठ फुटांवर. वरच्या बंकची गादी पाच-साडेपाच फुटांवर. बसलेल्या माणसाचं डोकं गादीपासून तीन फुटांच्या आसपास वर येतं. बेरीज करून बघा: आठ ते साडेआठ फूट. झोपेतून उठून बसलात तर कपाळ पात्यांच्या रेषेत! जाणता मालक अशा खोलीत भिंतीवरचे पंखे लावतो किंवा पंख्याखालचा बंक रिकामा ठेवतो. जुन्या ठाण्यातल्या बारा फुटी छताखाली हा प्रश्न येत नाही. तिथे वरच्या कॉटवर आरामात मांडी घालून बसता येतं.

ढेकणांच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. जुन्या लाकडी पलंगाच्या खाचा, भिंतीवरची लाकडी पट्टी, कापसाची गादी, सगळं त्यांच्या सोयीचं. मोबाइलचा टॉर्च लावून गादीचा कोपरा उचला आणि शिवणीत बघा. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले की समजा. लोखंडी बंकच्या नटबोल्टपाशीही बघा, कारण नव्या डॉरमेटरीतही बॅगांबरोबर ढेकूण येतातच. बॅग पलंगाखाली सरकवू नका, हुकाला किंवा खुर्चीवर ठेवा.

अंघोळीचं गणित

बादलीभर पाण्याची अंघोळ, संडास, हात-तोंड धुणं मिळून माणशी पन्नास लिटर तरी लागतात. वीस कॉटना म्हणजे हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल तर सकाळी आठपर्यंत ती तळाला जाते, आणि पंप चालवणारा मुलगा तेव्हा चहा आणायला गेलेला असतो. जुन्या गल्ल्यांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणीबंद जाहीर झालं की टँकर आत वळत नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे तिथे सहसा एवढी ओढाताण नसते.

गरम पाण्याचंही तसंच. पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर पूर्ण तापायला अर्धा तास घेतो आणि त्यात दोघांची, फार तर तिघांची अंघोळ होते. आठ जणांच्या खोलीत चौथा नंबर लागला तर कोमट पाणी मिळतं. जुन्या वायरिंगवर गीझर आणि एसी एकदम चालवले की एमसीबी (विजेचा ट्रिप स्विच) पडतो. सकाळी लवकर निघायचं असेल तर साडेपाचला उठून पहिला नंबर लावा.

काउंटरवर

मूळ ओळखपत्र लागतंच. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. स्टेशनजवळची बरीच लॉज ‘लोकल आयडी’ घेत नाहीत. आधारवरचा पत्ता ठाणे-मुंबईचा असेल तर बुकिंग असूनही परत पाठवतात, आणि अॅपवरचे पैसे परत यायला दिवस लागतात. तेव्हा आधी फोन करा.

एक दिवस म्हणजे किती, हेही विचारा. काही लॉज आल्यापासून चोवीस तास मोजतात, तर डॉरमेटरी सकाळी दहा-अकराला कॉट रिकामी करायला लावते. रात्री अकराला पोचणाऱ्याला पहिला हिशेब परवडतो. कॉट सोडल्यावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅग ठेवू देतील का, तेही आत्ताच विचारा.

दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या मुक्कामावर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे. सहाशेच्या कॉटवर तीस रुपये. पावतीवर जीएसटी नंबर नसेल आणि तरी कर लावला असेल, तर तो देऊ नका. सलग नव्वद दिवस राहणार असाल आणि माणशी महिना वीस हजारांपर्यंत भाडं असेल, तर कर लागत नाही.

महिनाभर किंवा जास्त राहायचं असेल तर जुन्या ठाण्याचा विचार सोडा आणि नवी मुंबईत पीजी बघा. महिलांसाठी तर नक्कीच. नेरूळ, वाशी, खारघरला कॉलेजांमुळे मुलींच्या पीजी भरपूर, जुन्या ठाण्यातल्या लॉजमध्ये महिलांची वेगळी डॉरमेटरी क्वचित. फक्त दोन गोष्टी लेखी घ्या: डिपॉझिटमधून काय कापणार आणि नोटीस किती दिवसांची. आणि पीजीला सोसायटीची परवानगी आहे का, ते वॉचमनला विचारा, मालकाला नव्हे. परवानगी नसेल तर महिन्याच्या मधेच सामान उचलावं लागतं.

पाऊस आणि सण

जून ते सप्टेंबर जुन्या इमारतीत राहायचंच असेल तर मधला मजला घ्या. वरच्या मजल्यावर कौलं किंवा पत्रे गळतात, तळमजल्याच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि तीन फुटांपर्यंत चुना पांढरा होऊन सुटतो. उशीला कुबट वास आला तर खोली बदला, उदबत्तीने तो जात नाही.

जांभळी नाक्याला पहाटेच बाजार जागा होतो. गुढीपाडव्याची शोभायात्रा, दहीहंडी, टेंभी नाक्याची नवरात्र, तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ) आणि राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट, सगळं याच पट्ट्यात. बघायला आलात तर याहून चांगली जागा नाही. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर याहून वाईट नाही. एरवी इथे सकाळी अर्धा तास मोकळा मिळाला तर कौपिनेश्वर मंदिर, तलावाकाठचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आणि टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग चालत बघून होतं, वाटेत मामलेदारची मिसळही. वाशीच्या डॉरमेटरीच्या आसपास मिळतो तो मॉल.

मग काय घ्यावं

एक ते तीन रात्री, कोरडा ऋतू, काम मेन लाइनवर किंवा ठाण्यातच, आणि पहाटेची एसटी किंवा कोकणची गाडी धरायची असेल तर जुनं ठाणं, रस्त्याकडची मधल्या मजल्यावरची खोली. परीक्षा आणि मुलाखतीला नवी मुंबई, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, खालचा बंक. पुण्याला जाणाऱ्यांनाही वाशी किंवा नेरूळ एलपी हा हायवेवरचा थांबा सोयीचा, बस तिथेच मिळते. पेशंटबरोबर आलेल्यांनी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावं, मग वाशी स्टेशनामागे सेक्टर ३० ए मध्ये आपल्या राज्याचं भवन (सरकारी अतिथिगृह) आहे का ते बघावं, आणि शेवटी डॉरमेटरी.

रात्री उशिरा ठाण्याला उतरणार असाल तर एक लक्षात ठेवा: ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी मेन लाइनच्या शेवटच्या गाडीच्या आधी सुटते. ती चुकली तर वाशीच्या स्वस्त कॉटपेक्षा तिथवरची रिक्षा महाग पडते. तेव्हा ती पहिली रात्र ठाण्यातच काढा आणि सकाळी सामान घेऊन पलीकडे जा.