द्राक्षाची पेटी: रद्दीचा क्राफ्ट की व्हर्जिन?

तासगाव-कवठेमहांकाळकडे हंगाम तोंडावर आला की पेटी कुठली घ्यायची, हा प्रश्न येतोच. माल जवळच्या बाजारात लगेच खपणार असेल तर रद्दीपासून केलेल्या क्राफ्टची, म्हणजे खोक्याच्या तपकिरी मजबूत कागदाची, पेटी बिनधास्त घ्या. स्वस्त पडते.

कोल्ड स्टोरेजचं गणित मात्र वेगळं. तिथे तापमान शून्याच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. कागद हवेतला ओलावा ओढतो, तंतूंची पकड ढिली होते आणि थप्पीतली तळाची पेटी कोपऱ्यात दबते. भार सरळ घडांवर! रद्दीचे तंतू दर फेरीला आखूड आणि ताठर होत जातात, म्हणून तो कागद आधी बसतो. व्हर्जिन क्राफ्टमधला, म्हणजे पाइनच्या ताज्या लगद्यातला तंतू साधारण ३ मिमी लांब, त्याची वीण जास्त तग धरते.

निर्यातीसाठी मी व्हर्जिनच घ्या म्हणेन. पूर्ण पेटी परवडत नसेल तर निदान मधल्या नागमोडी कागदाच्या दोन्ही बाजूंचे सपाट थर तरी व्हर्जिनचे हवेत. आणि नुसत्या जीएसएमवर (कागदाचं दर चौरस मीटर ग्रॅममधलं वजन) भुलू नका, जाड कागदही ओलाव्याने नरमतो. पुरवठादाराकडे दमट हवेत ठेवलेल्या पेटीच्या दाबचाचणीचा आकडा मागा.