‘वन चॅनल’ लिहिलेलं वाचलं, तरी १३,८६० रुपये दिले

आधी आकडा सांगतो, हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. १३,८६० रुपये, एका बनावट साउंड कार्डात (कॉम्प्युटरमध्ये आवाज घेणारा-काढणारा भाग) गेलेले. व्हिजिटचे ५००, ‘साउंड कार्ड’चे ९,८००, ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, लायसन्सचे १,२०० आणि पक्क्या बिलासाठी म्हणून २,३६०. बिल अजून यायचंय.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. ३१ वर्षं हिशेबखात्यात काढली, लोकांची खोटी व्हाउचरं पकडली. त्यामुळे ‘काका, तुम्हाला कळायला हवं होतं’ हे कृपा करून कोणी सांगू नका, घरात रोज ऐकतोय.

वडिलांच्या भजनी मंडळाच्या ४२ कॅसेटी आहेत, बऱ्याचशा १९८४-८५ च्या. त्यांनी दोन माइक लावून रेकॉर्ड केलेल्या : पेटी डावीकडे, तबला उजवीकडे. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या. प्रश्न एवढाच होता की आहे त्या कॉम्प्युटरवर होईल की कार्ड बदलावं लागेल. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, एकाने ‘ऑडिओ इंजिनिअर’चा नंबर दिला. तो देणारा आता म्हणतो, मी फक्त फॉरवर्ड केला.

माणूस आला, नीटनेटका, गळ्यात हेडफोन. ‘काका, तुमच्या मदरबोर्डचा साउंड ॲनालॉग आहे. डिजिटल करायचं तर चोवीस बिट, एकशे ब्याण्णव लागणार.’ (हा दुसरा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे तो; बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई.) मला ४४.१ माहीत होतं, सीडीचं. तो हसला, ‘ते जुनं झालं.’ दोन दिवसांनी काळा, जड, लोखंडी डबा घेऊन आला. पुढे दोन बटणं, मागे लाल-पांढरी पिन. वजन बघून मीच म्हणालो, माल चांगला दिसतोय.

आता तो क्षण. त्याने रेकॉर्डिंगची सेटिंग उघडली होती, मी शेजारी चहाचा कप घेऊन उभा. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं : वन चॅनल, सिक्स्टीन बिट, ४८००० हर्ट्झ, डीव्हीडी क्वालिटी. मी वाचलं. मोठ्याने वाचलं! चोवीस कुठे गेले, एकशे ब्याण्णव कुठे गेले, आणि डावा-उजवा असे दोन हवे असताना चॅनल एकच कसा, हे तिन्ही प्रश्न तिथेच विचारायचे होते. मी विचारला एक, तोही अर्धाच : ‘इथे सोळा का दिसतंय?’ त्याचं उत्तर, ‘लायसन्स टाकलं की चोवीस दिसेल. आणि काका, डीव्हीडी क्वालिटी आहे, सीडीच्या वरची.’ त्या दोन शब्दांवर मी गप्प बसलो. लगेच क्यूआर स्कॅन करून १,२०० दिले.

पुढे नऊ कॅसेटी उतरवल्या. पेटी आणि तबला दोन्ही मधूनच येत होते. मला वाटलं, माझा डावा कान अलीकडे कमी ऐकतो, त्यामुळे असेल. साठीनंतर कुणालाही असंच वाटलं असतं.

ऐरोलीचा भाचा आला, त्याने स्क्रू काढले. आत करंगळीएवढा यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं साउंड कार्ड), गरम गोंदाने चिकटवलेला. बाजारात दीडशे-दोनशेला मिळतो तोच. त्याला माइकचं एकच मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं, इनपुट असतं, लाल आणि पांढरी दोन्ही वायर त्यातच जोडलेली. आणि वजनासाठी लोखंडाची पट्टी. बटणांना आत काहीच नाही.

भाच्याने मग सीपीयूच्या मागचं निळं भोक दाखवलं. लाइन-इन, बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं. पहिल्यापासून होतं, स्टिरिओ. डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी पद्धत) नसलेल्या कॅसेटची हळू ते मोठ्या आवाजाची रेंज फार तर ५०-६० डेसिबल, सोळा बिटाची ९६ च्या आसपास. म्हणजे कॅसेटीसाठी कार्ड घ्यायचं कारणच नव्हतं. मागच्या भोकातून घरघर येत असेल किंवा चांगल्या माइकवर गायचं असेल, तर जरूर घ्या. आणि ऑप्टिकल वायरने आवाज ॲम्प्लिफायरला देत असाल, तर डिजिटल आकड्यांचं आवाजात रूपांतर ॲम्प्लिफायरच करतो, कार्ड बदलून कानाला फरक पडायचा नाही. गुलाबी भोक माइकचं, त्यात कॅसेट डेक लावू नका.

पोलिसांकडे गेलो. ‘वस्तू दिली ना त्याने? मग हा ग्राहकाचा वाद.’ सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, माणूस घरी आला होता, यात सायबर काय? बँकेत गेलो, तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पुन्हा चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर झेरॉक्स मशीन बंद. डबा टेबलावर उघडून दाखवला, तर हवालदार विचारतो, ‘हे चालतं का?’ चालतं हो, तेच तर दुखणं आहे! चार खेपांचे रिक्षाचे २४० रुपये मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, माझ्यासारखे अकरा दिवस थांबू नका. वस्तूची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि बिलाआधी बिलाचे पैसे? मी दिले, तुम्ही देऊ नका.

नऊही कॅसेटी निळ्या भोकातून पुन्हा घ्यायला बसलो. आठ झाल्या. नववीची फीत डेकने खाल्ली, ८४ च्या गणपतीतली. तिची आता मोनोच उरली आहे.

त्याचा नंबर अजून चालू आहे. नौपाडा-पाचपाखाडीत आणखी कोणाकडे काळा डबा असेल, तर मागचे चार स्क्रू काढून बघा आणि मला कळवा. आयोगात एकत्र जाऊ.